पाहुणा नंबर नऊ

महेंद्र भिंगारदिवेच्या घरात आजवर कुणी टॉवेल विकत आणलेला नाही.

त्याचं कारण फुटबॉल. आमच्याकडच्या स्पर्धांमध्ये प्रत्येक संघाला बाहेरच्या तालुक्यातले दोन खेळाडू 'पाहुणे' म्हणून खेळवता येतात. पाहुणा आला की मॅचआधी त्याला सगळ्यांसमोर टॉवेल-टोपी आणि नारळ द्यायचा, कॅप्टनच्या घरी पोटभर जेवू घालायचं, आणि मग मैदानात सोडायचं. जेवणात मटण असतं आणि मॅच दोन तासांवर असते, म्हणून पहिल्या हाफमध्ये पाहुणे जरा जपूनच पळतात. महेंद्र गेली वीसेक वर्षं असा पाहुणा आहे. भिंगारला त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे आणि शटरवर खडूने लिहिलेलं असतं, 'मॅचला गेलो आहे'. शेतकरी जळालेली पाण्याची मोटार घेऊन येतात, पाटी वाचतात, आणि शिव्या न देता विचारतात, "कुणाकडून हाय आज?"

कुणाकडून हाच खरा प्रश्न. महेंद्र राहुरीकडून खेळला, कोपरगावकडून खेळला, संगमनेरच्या प्रवरा युनायटेडकडून खेळला, दोन साखर कारखान्यांकडून खेळला. पुण्याला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये एक सीझन काढला. तिथे त्याला रूमवर स्वयंपाकही करावा लागला आणि क्लब त्याच्या गोलांपेक्षा त्याच्या पिठल्यावर जास्त खूश होता. एकदा तर सकाळी एका संघाकडून सेमीफायनल हरला आणि दुपारी दुसऱ्या स्पर्धेत, दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या रंगाच्या जर्सीत फायनल खेळला. तिथे पहिल्या पाच मिनिटांत त्याने सकाळच्या रंगाची जर्सी दिसली म्हणून पास दिला. ती जर्सी पंचाची होती.

जर्सी इतक्या साठल्या की त्याच्या आईने, आक्काबाईंनी, त्यांची गोधडी शिवली. थंडीत महेंद्र अख्खी लीग अंगावर घेऊन झोपतो. पायाशी कोपरगाव येतं, छातीवर संगमनेर.

वडील रंभाजी भिंगारच्या लष्करी कॅम्पात माळीकाम करायचे. जवानांच्या ग्राउंडच्या कडेला ते मेंदीचं कुंपण छाटायचे आणि सहा वर्षांचा महेंद्र कुंपणाबाहेर आलेला बॉल परत मारायचा. एक दिवस त्याने मारलेला बॉल थेट गोलपोस्टमध्ये गेला. जवानांनी टाळ्या वाजवल्या. रंभाजी मला एकदा म्हणाले, "तवाच त्याचं वाटूळं झालं." असं म्हणताना ते इतके खूश होते की मला त्यांचा फोटो काढावासा वाटला.

महेंद्र फार मोठा खेळाडू नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वेग बरा, डावा पाय फक्त उभं राहायला. पण बॉल कुठे पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळायचं, आणि त्याच्यासारखा आनंदी माणूस टीममध्ये असला की बाकीचे दहा जण उगाच बरे खेळायचे. गोल झाला की तो दोन्ही हात पसरून असा पळायचा, जणू समोरून अख्खं गाव मिठी मारायला येतंय.

आणि यातला एकही गोल त्याच्या बायकोने, माधुरीने, पाहिला नव्हता.

माधुरी एसटीत कंडक्टर आहे. लग्न ठरलं तेव्हा महेंद्रने तिला मोठ्या ऐटीत संगमनेरला मॅच बघायला बोलावलं. सगळे डिफेंडर मागे टाकले, गोलकीपरलाही चकवलं, समोर मोकळा गोल. महेंद्रने बॉल हळूच ढकलला आणि माधुरीकडे बघून हात पसरले. बॉल गोललाइनवरच्या चिखलात रुतून बसला. स्टॉप आल्यासारखा.

दुसऱ्यांदा ती नगरला आली. पेनल्टी मिळाली. महेंद्रने मारलेला बॉल बारवरून, भिंतीवरून, रस्त्यावरून चाललेल्या टोमॅटोच्या टेम्पोत पडला आणि टेम्पो तसाच मार्केटला निघून गेला. आयोजकांकडे दुसरा बॉल नव्हता. मॅच बरोबरीत सोडवली.

तिसऱ्यांदा राहुरीत. कॉर्नरला बचावासाठी मागे आलेल्या महेंद्रने उंच उडी मारून असा देखणा हेडर मारला की गोलकीपर जागचा हलला नाही. गोलकीपर आपलाच होता. माधुरीने उभं राहून टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून ती म्हणते, "एक बघितलाय की मी. लई भारी हुता."

झालं. ही गोष्ट पाच तालुक्यांत पसरली. नंतर महेंद्रला पाहुणा म्हणून बोलवायला फोन आला की शेवटी एक वाक्य यायचंच: "भाऊ, तेवढं वहिनींना आणू नका."

माधुरीला सुरुवातीला हसू यायचं. घरी आल्यावर महेंद्र जेवताना गोल सांगायचा. ताट मैदान, भाकरीचा तुकडा गोलकीपर, कांद्याच्या फोडी डिफेंडर. "हा इथून आला, मी असा वळलो, ह्याला वाटलं उजवीकडं मारतोय..." आणि शेवटी लसणाची पाकळी भाकरीवरून उडून आमटीत. ती ऐकायची, वाढायची. गेल्या दिवाळीनंतर एका जेवणात तिने आमटीतून पाकळी काढत सहज विचारलं, "खरं सांगा. तुमी तिकडं खेळता, का नुसतं मटन खाऊन येता?"

ती थट्टा होती. महेंद्रही हसला. पण त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्याचा गुडघा दाबून पाहिला आणि आता हा सीझन शेवटचा समजा म्हणून सांगितलं. तेव्हा त्याला ते वाक्य आठवलं आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना. हे मला त्यानेच सांगितलं. "जर्शा हायेत, टॉवेल हायेत," तो म्हणाला, "पन एक तरी साक्षीदार घरातला पायजे राव. तिनं एक गोल बघितला की मी सुटलो."

शेवटची मॅच ठरली श्रीगोंद्याला. आमच्या हिरवळ स्पोर्ट्सने त्याला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मी त्या संघात डाव्या बाजूला खेळतो, म्हणजे बॉल गेल्यावर तिथे पोहोचतो. आमचा कॅप्टन राधाकृष्ण. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि मॅचच्या दिवशी तो मांजर, रिकामा हंडा आणि माधुरीवहिनी या तिन्हींना सारखाच घाबरतो. समोर फायनलला प्रवरा युनायटेड, आणि त्यांच्या गोलमध्ये वाल्मिक. वाल्मिक दुधाचा टँकर चालवतो, महेंद्रचा सगळ्यात जुना मित्र आहे आणि त्याचं पोट दरवर्षी गोलचा थोडा आणखी भाग अडवतं.

राधाकृष्णच्या घरी जेवताना महेंद्रने विषय काढला.

"माधुरीला बोलवायचंय आज."

राधाकृष्णचा घास हातात राहिला. "भाऊ, रस्सा तिखट झालाय का? डोक्यात गेला का?"

"शेवटची मॅच हाय माझी."

"म्हणूनच! शेवट गोड करा. कप घेऊन घरी जा, वहिनींना कप दाखवा. कप दिसतो की डोळ्यांना."

"कप काय, दुकानात बी मिळतो."

राधाकृष्णने हात जोडले. शेवटी महेंद्रने माधुरीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अहो, मला कुठं वेळ हाय?" माधुरी म्हणाली. मागे गाडीचा आवाज होता. "मी डूटीवर हाय. श्रीगोंदा-नगर गाडी. तुमच्या कॅप्टनला सांगा, निवांत जेवा म्हनावं."

राधाकृष्णने निवांत आणखी दोन भाकरी खाल्ल्या. महेंद्रने नारळ घेतला, टॉवेल गळ्यात घातला, पण चेहरा पडला होता. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच पाहुण्याचा टॉवेल ओझ्यासारखा दिसताना पाहिला.

मैदान नगर रस्त्याला लागूनच आहे. कारखान्यांचा सीझन चालू, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. सेकंड हाफ निम्मा झाला तरी दोन्हीकडे गोल नाही. वाल्मिक महेंद्रच्या प्रत्येक शॉटला आधीच त्या बाजूला जाऊन उभा.

"म्हैंद्या, उजवीकडंच मारनार तू. लग्नात हार बी उजवीकडनंच घातला हुतास."

"तुला दिसला कसा? तू पंगतीत हुतास."

एवढ्यात रस्त्यावर एका ट्रॅक्टरची मागची ट्रॉली सुटली आणि आडवी झाली. ऊस रस्ताभर. मागे गाड्या तुंबल्या, आणि तुंबलेल्यांत सगळ्यांत पुढे, मैदानाच्या अगदी समोर, लाल एसटी. खिडक्यांमधून डोकी बाहेर आली. दारात खाकी कपड्यांत माधुरी.

महेंद्रने तिला पाहिलं. तिने हात केला. नेमका तेव्हाच, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत अचूक पास मी त्याला दिला. सहा फुटांवर गोल, वाल्मिक जमिनीवर. महेंद्रने हवेत लाथ मारली आणि बॉल शांतपणे त्याच्या पायाखालून निघून गेला.

एसटीतल्या प्रवाशांनी "आऽऽऽर्र" केलं. राधाकृष्णने डोक्याला हात लावला.

"आल्या! आल्या वहिनी!"

"ग्राउंडवर कुठं हाय ती?" महेंद्र ओरडला. "रोडवर हाय! सरकारी रोड हाय!"

पण राधाकृष्ण ऐकतोय कुठे. त्याने आमच्या राखीव खेळाडूला रस्त्यावर पिटाळलं. "ड्रायव्हरला सांग, मागं घे म्हणावं! कालव्याच्या चारीच्या रस्त्यानं वाट मोकळी हाय! पळ!"

बसचे ड्रायव्हर भिमाजी सरळ माणूस. त्यांना निरोप पटला. मागच्या गाड्यांनी थोडी जागा दिली आणि त्यांनी गिअर टाकला. आता एसटीत एक शिस्त आहे. गाडी मागे घ्यायची तर कंडक्टरने खाली उतरून, मागे उभं राहून शिट्टी वाजवायची. माधुरी नियमाला पक्की. ती उतरली, बसच्या मागे गेली, मैदानाकडे पाठ केली, खांद्याची शिट्टी तोंडात धरली.

पीप-पीप-पीऽऽप.

मैदानात त्या क्षणी बॉल महेंद्रकडे होता. शिट्टी ऐकून प्रवराचे डिफेंडर थांबले. आम्ही थांबलो. वाल्मिक कंबरेवर हात ठेवून पंचाकडे बघू लागला. पंच, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले गोरक्षनाथ सर, स्वतःच्या शिट्टीकडे बघू लागले.

एकटा महेंद्र थांबला नाही. दुकानातून जेवायला बोलवताना माधुरी हीच शिट्टी वाजवते. दोन आखूड, एक लांब. ही शिट्टी ऐकून तो लग्नापासून रोज पळतोय. तो तसाच पळत सुटला, थांबलेल्या माणसांमधून, आणि बॉल त्याने वाल्मिकच्या डावीकडून जाळ्यात मारला. डावीकडून! डाव्या पायाने! मग दोन्ही हात पसरून तो रस्त्याच्या दिशेने धावला.

"माधुरीऽऽ! बघितला का? बघितला का गं?"

माधुरीने तोंडातली शिट्टी काढली आणि मागे वळून पाहिलं. "काय?"

"गोल!"

"थांबा हो जरा. मागं मोटरसायकलवाला हाय."

अख्खं मैदान खाली बसलं. हसून हसून वाल्मिकला श्वास घेता येईना. प्रवराचा कॅप्टन मात्र सरांकडे धावला, राधाकृष्णही धावला, आणि भांडण सुरू झालं. सरांनी दोघांना गप्प केलं आणि भिंगारपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "शिट्टी कुणी मारली?"

बस रस्त्याच्या कडेला लागली होती. माधुरी तिकिटाची मशीन सावरत सरळ मैदानात चालत आली. तिच्यामागे निम्मी बस.

"मी मारली. गाडी रिवर्स घेत हुते."

"मॅच चालू असताना?"

"सर, तुमची मॅच चालू हुती, माझी डूटी चालू हुती. शिट्टीबिगर गाडी मागं घेतली आन कुनाला लागलं तर? नियम हाय."

गोरक्षनाथ सर तिच्याकडे क्षणभर बघत राहिले. आयुष्यभर नियम पाळलेल्या माणसाला तसलंच माणूस भेटल्यावर जे होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर झालं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मग माझाही नियम ऐका. बाहेरच्या शिट्टीने खेळाडू थांबले. गोल रद्द. बॉल ड्रॉप होईल, गोलकीपरला."

महेंद्र मटकन खाली बसला. अख्ख्या कारकिर्दीतला डाव्या पायाचा पहिला गोल, आणि तो रद्द. आणि जिच्यासाठी मारला तिने मोटरसायकलवाला बघितला.

"आता गेलात तरी चालंल, वहिनी," राधाकृष्ण काकुळतीला आला.

"कशाला जाऊ? मागच्या गाड्या सरकून वाट मोकळी हुईस्तवर भिमाजीकाका हलनार न्हाईत." ती बाजूच्या रेषेबाहेर उभी राहिली आणि पहिल्यांदाच जरा हळू आवाजात म्हणाली, "आन मला बी बघायचंय की एकदा."

हे महेंद्रने ऐकलं. तो उठला. गुडघा चोळला. सरांनी पेनल्टी स्पॉटजवळ वाल्मिकसमोर बॉल टाकला. वाल्मिकचे डोळे हसण्याने अजून वाहत होते. मॅच संपत आली होती. महेंद्र गोलकडे पाठ करून आमच्या बाजूला पळत निघाला, पण मान रस्त्याकडे.

"माधुरी, हलू नको! आता मारतोच! नुसतं बघत राहा! इकडं तिकडं..."

वाल्मिकने डोळे पुसत सगळा जोर लावून बॉल मारला. मी डिप्लोमा मेकॅनिकलचा केलाय, धडक आणि उसळी शिकलोय, पण असं कुठल्याही पुस्तकात नव्हतं. बॉल महेंद्रच्या पाठीवर, नऊ आकड्याच्या बरोबर पोटात बसला, धप्प. महेंद्र तोंडावर पडला. बॉल मात्र उलटा उडाला, वर गेला, वाल्मिकच्या डोक्यावरून गेला. वाल्मिक मागे पळाला, पोट पुढे राहिलं, आणि बॉल एक टप्पा घेऊन सावकाश, अगदी सावकाश, जाळ्यात जाऊन बसला.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग माधुरी ओरडली.

मी एसटीत तिचा आवाज खूप वेळा ऐकलाय. 'पुढं सरका', 'सुट्टे द्या'. हा आवाज वेगळा होता. ती मशीनसकट नाचत होती. "गोऽऽल! आवो, गोल! बघितला! मी बघितला!"

महेंद्र तोंडातली माती थुंकत उठला. "कुठं? काय झालं? कुनी मारला?"

"तुमी!"

"मी? कवा?"

सरांनी गोलचा इशारा केला. थोड्या वेळाने शेवटची शिट्टी वाजली, तेव्हा बावीसच्या बावीस खेळाडूंनी आधी माधुरीकडे पाहिलं. तिने दोन्ही हात वर केले. "मी न्हाई!" मग आम्ही उड्या मारल्या. राधाकृष्णने तिच्यासमोर वाकून पाहुण्यांच्या खोक्यातला उरलेला नारळ आणि टॉवेल तिच्या हातात दिला. तिने टॉवेल उलगडून पाहिला आणि म्हणाली, "घरात जागा न्हाई हो ठेवायला."

बक्षीस समारंभाला महेंद्र थांबला नाही. ट्रॉली बाजूला झाली होती, बसने हॉर्न दिला होता. तो मातीने भरलेल्या जर्सीतच बसमध्ये चढला आणि वाल्मिकही त्याच्यामागे चढला, कारण त्याचा टँकर नगरला होता आणि त्याला आपली बाजू मांडायची होती. मी नोकरीसाठी नगरला राहतो, मीही चढलो. माधुरीने आम्हा तिघांची तिकिटं फाडली. नवऱ्याचंसुद्धा. मग दोरी ओढून दोन टोल दिले आणि बस निघाली.

महेंद्र कंडक्टरच्या सीटशेजारी बसला. बाहीने तोंडावरची माती पुसली. मग म्हणाला, "माधुरी."

"काय?"

"कसा गेला गं? सांग की."

माधुरीने मशीन मांडीवर ठेवली. नारळ उचलून मध्ये ठेवला. "हा वाल्मिकभावजी."

"एवढा मोठा न्हाई मी," मागून वाल्मिक म्हणाला.

"गप बसा. हे तुमी." तिने तिकिटाचा तुकडा नारळापुढे ठेवला. "ह्यांनी मारला. तुमी असं वळून माझ्याकडं बघताय. बॉल आला, आन तुमी पाठ अशी..." तिने खांदा झटकला. "मुद्दाम वाकवली."

"मुद्दाम?"

"मग! मी बघत हुते न्हवं. बराबर अंदाज घेतला तुमी. ताडाएवढा उंच गेला. सूर्य झाकला."

"सूर्य मागं हुता, ताई," भिमाजी पुढून म्हणाले.

"तुमी समोर बघा, काका."

मागच्या सीटवरची एक आजी म्हणाली की बॉल दोनदा उसळला. दुसऱ्या एकाने एकदाच म्हणून शपथ घेतली. बसमध्ये दोन तट पडले. महेंद्र डोळे मिटून ऐकत होता, पाठीवर हात नेऊन जिथे बॉल लागला ती जागा चाचपत होता आणि मोठा आनंदी दिसत होता.

"मग? पुढं?" तो म्हणाला.

"पुढं काय, गोल."

"न्हाई, तसं न्हाई. पहिल्यापास्नं सांग. वाल्मिक डोळे पुसतोय तिथनं."

माधुरीने नारळ परत जागेवर ठेवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.